ग्लॅडिस नावाची बोट आणि डोरीन नावाची बायको

डोरीन ब्रॅमॉलला कालव्यावर कोणी डोरीन म्हणत नसे. सगळे तिला ग्लॅडिस म्हणत. ती राहायची त्या बोटीचं नाव ग्लॅडिस, आणि आमच्याकडे माणसाचं खरं नाव लक्षात ठेवण्याचे कष्ट कोणी घेत नाही. बोटीच्या अंगावर हातभर अक्षरांत जे रंगवलेलं असतं तेच तुमचं नाव. माझी बोट 'पेशन्स'. मी घेतली तेव्हाच तिचं ते नाव होतं आणि तेव्हापासून लोक मला पेशन्स म्हणून हाक मारतात. मला ओळखणारे हसतात. न ओळखणारे लवकरच ओळखायला लागतात.

माझं ठीक आहे, माझं मूळ नाव इथल्या कोणाच्या जिभेला झेपलंच नसतं. पण डोरीन हे काय झेपायला अवघड नाव आहे? आणि ही ग्लॅडिस कोण, तर बोटीच्या आधीच्या मालकाची सासू. तिला खूश करायला त्याने बोटीला तिचं नाव दिलं. सासूबाई एकदाच बोट बघायला आल्या, आतला संडास बघितला आणि बसने घरी गेल्या. अशा बाईचं नाव घेऊन डोरीन बारा-तेरा वर्षं जगली. नाताळची कार्डं 'नेविल आणि ग्लॅडिस' अशा नावाने यायची. एकदा ती आजारी होती तेव्हा लोकांनी काठावर फुलं आणून ठेवली, त्यावरही 'ग्लॅडिस, लवकर बरी हो'. बरी झाली, पण रागाने.

बदलायचं ना मग नाव, असं कोणालाही वाटेल. पण नेविल ब्रॅमॉल हा तिचा नवरा होता. नेविल जन्मभर बसखात्यात तिकीट तपासनीस. खाकी गणवेश उतरला तरी आतला तपासनीस उतरला नाही. आणि कालव्यावरचा नियम असा की बोट पाण्यात असताना तिचं नाव बदलायचं नाही, बदललं तर अनर्थ होतो. बोट वर काढायची, कोरडी उभी करायची, मग नाव बदलायचं. हा नियम कोणी छापलेला नाही. सगळे मानतात. नेविल तर असा मानायचा की जणू त्याच्याच सहीने निघालाय.

आता तळाला डांबर फासण्यासाठी बोट दर तीनचार वर्षांनी वर काढावीच लागते. पहिल्या वेळी सतत पाऊस लागला, रंग धरेना. दुसऱ्या वेळी नेविलला नागीण झाली. तिसऱ्या वेळी ऊन होतं, तब्येत ठणठणीत होती. त्याने डांबर फासलं, पितळ घासलं, छपरावरच्या पाण्याच्या डब्यावर नवे गुलाब रंगवले, क्रेनने बोट परत पाण्यात सोडली, आणि मग कपाळावर हात मारला. डोरीन आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. सात फूट रुंदीच्या बोटीत आठवडाभर अबोला पाळायचा तर दर वेळी एकाने भिंतीला पाठ लावून दुसऱ्याला जाऊ द्यावं लागतं. तरी पाळला तिने. तिने पुठ्ठ्यातून स्वतःच्या नावाची अक्षरं कापून गादीखाली ठेवली होती. ती तशीच राहिली, वर दोघं झोपायची त्यामुळे छान सपाट.

मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोटीच्या पायऱ्या पुरे. स्टोकजवळ एक बैठं घर मिळालं, त्यात बाथटब होता. डोरीन घर बघायला गेली ती चपला काढून त्या कोरड्या टबात जाऊन बसली आणि एजंटला म्हणाली, घेतलं. बोटीला गिऱ्हाईकही मिळालं, सिडनी हॅलम नावाचे गृहस्थ, मोटारी शिकवायचे, नुकतेच निवृत्त झालेले. हॅझलफोर्डच्या बोटींच्या तळावर बोट त्यांच्या ताब्यात द्यायची ठरलं. तळ नऊ लॉकच्या उतरणीच्या पायथ्याशी आहे. लॉक म्हणजे कालव्याचा जिना. एकेका हौदात बोट घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातल्या झडपा उघडून पाणी सोडायचं, बोट एक पायरी खाली. डोरीनच्याने आता दारं ढकलवत नव्हती, म्हणून त्या शेवटच्या दिवशी मी बरोबर गेले.

सकाळी निघायच्या आधी डोरीनने नवऱ्याला सांगितलं, अगदी शांतपणे, बशी पुसत पुसत. "विकायच्या आधी एकदा माझं नाव तिच्यावर लागलं पाहिजे. एक तास का होईना. मग विक, बुडव, काय हवं ते कर."

"अगं डक, पण क्रेन आहे ती खाली तळावर," नेविल म्हणाला. आमच्या भागात बायकोपासून पोस्टमनपर्यंत सगळे एकमेकांना डक म्हणतात, त्यात विशेष लाड नसतो. "आणि तळावर पोचलो की बोट हॅलमसाहेबांची. दुसऱ्याच्या बोटीचं नाव मी कसं बदलू?"

"मला ते माहीत नाही," डोरीन म्हणाली. "मी ग्लॅडिस म्हणून उतरणार नाही."

नेविलने तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं, आणि इंजिन सुरू केलं. तेवढं शहाणपण त्याच्यात होतं.

तो त्या दिवशी मुद्दाम रेंगाळत होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आमच्याकडे शिष्टाचार असा की समोरून बोट येत असेल आणि लॉक तिच्या सोयीचं भरलेलं किंवा रिकामं असेल, तर आपण थांबायचं, तिला आधी येऊ द्यायचं. नेविल एरवीही थांबायचा. त्या दिवशी तिसऱ्या लॉकपाशी त्याला लांब एक निळी बोट येताना दिसली, म्हणून आम्ही थांबलो. थांबलो, थांबलो. मी शेवटी पायवाटेने चालत जाऊन बघितलं तर ती बोट झाडाला बांधलेली, मालक छपरावर तोंडावर टोपी घेऊन झोपलेला. मी परत येऊन ते नेविलला सांगितलं. तो म्हणाला, उठला म्हणजे निघेलच की. मी चावी उचलली आणि लॉक स्वतः उघडलं. माझ्या बोटीचं नाव काहीही असो.

या चावीचं सांगायला हवं. झडपा वर-खाली करायला प्रत्येकाकडे कोनात वाकवलेली लोखंडी चावी असते. नेविलच्या चावीच्या मुठीला तांबडी लोकर गुंडाळलेली होती, कारण जगातला प्रत्येक माणूस आपली चावी चोरायला टपलेला आहे असं त्याला वाटायचं. ही चावी कमरेला खोचून तो दुसऱ्यांनी वापरलेली लॉकं तपासायचा. कोणी झडप अर्धी उघडी सोडली का, दार नीट लागलंय का. काही सापडलं की त्याचा चेहरा फुलायचा. बिनतिकीट प्रवासी सापडल्यासारखा.

पाचवं लॉक उतरून आम्ही मधल्या पट्ट्यात आलो. दोन लॉकांच्या मधला हा छोटासा पाण्याचा तुकडा, दोन बोटी जेमतेम मावतील एवढा. तर खालच्या सहाव्या लॉकमधून गोंगाट ऐकू आला. सहा वायकिंग होते. डोक्यावर शिंगांची प्लॅस्टिकची शिरस्त्राणं, अंगावर घोंगडीच्या चोळ्यांसारखं काहीतरी केसाळ. एका मुलाचं लग्न ठरलं होतं, म्हणून मित्रांनी भाड्याने बोट काढली होती. नवरदेवाचं नाव डीन, धंद्याने प्लास्टर करणारा. त्यांनी झडप अशी उघडली की दातेरी चाक गरगरत सुटलं आणि दाणकन आदळलं.

नेविलला देव भेटला. त्याने ग्लॅडिस काठाला बांधली आणि खाली गेला. त्यांची बोट वर येऊन आमच्या मागे उभी राहिली, वरचं दार आमच्यासाठी उघडं ठेवलं, इथपर्यंत सगळं नीट. मग नेविलने सहा वायकिंगांना खालच्या दारापाशी रांगेत उभं केलं आणि झडप सावकाश कशी उचलतात त्याचं प्रात्यक्षिक दिलं. एक दात, थांबा. दुसरा दात, थांबा. झडप म्हणजे बाळाची मान, असं म्हणाला. वायकिंग गंभीरपणे बघत होते. तेवढ्यात डोरीनने बोटीतून हाक मारली, ओटकेक भाजलेत, चीज वितळतंय, येताय का. नेविल म्हणाला, चला, बाकीचं खाताना सांगतो.

सगळे आत आले. सहा केसाळ मुलं, आम्ही तिघं, आणि ओटकेकचा, म्हणजे आमच्याकडच्या ओटच्या धिरड्यांचा, ढीग. शिंगं छताला लागत होती म्हणून ती काढून शेगडीजवळ रचून ठेवली. नेविल बोलत होता. निष्काळजी माणसं एक झडप विसरली तर अख्खा पट्टा कसा रिकामा होतो, मासे कसे तडफडतात, बोटी कशा चिखलात बसतात. बाहेर पाण्याचा आवाज येत होता, पण लॉकपाशी तो नेहमीच येतो. डीनने तिसरा ओटकेक घेतला. नेविल म्हणाला, माझ्या हातून एवढ्या वर्षांत एकदासुद्धा नाही.

आणि चहाची किटली मेजावरून सावकाश चालत निघाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. किटलीमागून साखरेचं भांडं निघालं. मग शिंगं घरंगळत माझ्या पायाशी आली, आणि डीन हातात ओटकेक घेऊन डोरीनच्या मांडीवर जाऊन बसला. त्याने माफी मागितली. ती म्हणाली, बस बाळा, आता उठून जाणार कुठे.

वर येऊन बघितलं तर कालवा गेला होता. राहिला होता तो चिखल, एक सायकल, दुकानातल्या सामानाच्या दोन ट्रॉल्या आणि कोणाचा तरी लोखंडी पलंग. दोन्ही बोटी काठावर कलून बसलेल्या. नेविलने आधी वायकिंगांकडे बघितलं, भुवई उंचावून, जशी तो पूर्वी मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघून उंचावत असेल. मग तो खालच्या दाराकडे तरातरा निघाला, पुरावा आणायला. आम्ही मागोमाग. झडप पूर्ण वर होती. खटक्यावर चावी तशीच लटकत होती. तिच्या मुठीला तांबडी लोकर होती.

 एका वायकिंगने बरोबर उचलून आणलेलं शिरस्त्राण छातीशी धरलं.

नेविलने झडप खाली केली. सावकाश, एकेक दात. मग त्याने कालवा खात्याला फोन लावला आणि कळवलं की सहाव्या लॉकची एक झडप वर राहिलेली आढळली आहे. आढळली आहे म्हणे. पलीकडून सांगितलं, वरून पाणी सोडतो, दुपार उलटेल.

आता या सगळ्यात डोरीन काय करत होती? ती काठावर उभी राहून बोटीकडे बघत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, काठी टेकत. मग तिने नवऱ्याला बोलावलं.

"नेविल, ही बोट तरंगत्येय का?"

नेविलला प्रश्न कुठे चाललाय ते लगेच कळलं. तपासनीस होता तो. "तळाशी थोडं पाणी आहे," तो म्हणाला.

"तरंगत्येय का, विचारलं मी."

तो म्हणाला, नियमात तरंगणं हा शब्द नाही, पाण्यात असणं असा शब्द आहे. मी म्हटलं, नियम कुठे लिहिलेलाच नाही तर शब्द कुठून आला. तो म्हणाला, ते बघ, मध्यभागी चांगलं हातभर पाणी आहे. डीनने लांब बांबू खुपसून बघितला, बोटभरही भिजला नाही. नेविल म्हणाला, बांबू नीट धरला नव्हता. एक वायकिंग स्वतः उतरायला तयार झाला, उतरला, मांडीपर्यंत रुतला, आणि त्याला ओढून काढताना एक बूट कायमचा आत राहिला. त्याचं म्हणणं पडलं की आत सगळं चिखलच आहे. नेविल म्हणाला, चिखलात पाण्याचा अंश असतो.

तेवढ्यात एक बदक आलं. बोटीच्या पुढच्या टोकापासून निघालं आणि बोटीच्या कडेकडेने, आम्हाला न बघितल्यासारखं करून, ढुंगण हलवत मागच्या टोकापर्यंत गेलं.

डोरीनने काठी त्याच्याकडे रोखली. "बदक चालतंय, नेविल."

नेविल बराच वेळ बदकाकडे बघत राहिला. बदकाने जरा पोहून दाखवलं असतं तर तो वाचला असता. ते पलंगावर चढून बसलं.

"रंग पुढच्या पायरीखाली आहे," तो म्हणाला.

डोरीनने गादीखालची अक्षरं आणली. डीनने जुन्या नावावर असा पट्टा मारला की खाली ग्लॅडिस कधी होती याचा पत्ता लागू नये. शेवटी प्लास्टरवाला. ऊन होतं, तो पट्टा अर्ध्याएक तासात वाळला. मग नेविल गुडघे टेकून बसला. मला वाटलं होतं की फटकन उरकेल आणि तोंड वाकडं करेल. पण नाही. त्याने पुठ्ठा लावून रेघा आखल्या आणि पुठ्ठा बाजूला ठेवला, म्हणाला याने कडा भुरकट येतात. प्रत्येक अक्षर हाताने भरलं. मग बारीक कुंचल्याने प्रत्येक अक्षराची तांबडी सावली काढली. शेवटच्या अक्षराखाली एक गुलाब. वायकिंग मागे बसून बघत होते. डोरीन म्हणाली, तो ओ जरा जाड झालाय. नेविल म्हणाला, तूही झालीस. तिने त्याच्या डोक्यात टपली मारली, काठीने नव्हे, हाताने.

फक्त काठाकडची बाजू झाली. दुसरी चिखलावर होती, तिथे कोणाचा हात पोचत नव्हता आणि दुसरा बूट द्यायला कोणी तयार नव्हतं.

सिडनी हॅलम तेव्हाच आले. खाली तळावर वाट बघून कंटाळले आणि पायवाटेने वर चालत आले, बरोबर बायको मॉइरा. त्यांच्या डोक्यावर नवी कोरी कप्तानाची टोपी, मॉइराच्या हातात भेट म्हणून आणलेला केक. आधी त्यांनी चिखल बघितला, मग वायकिंग, आणि मग नाव. ते एकदम खाली बसले, गवतात.

त्यांच्या आईचं नाव ग्लॅडिस होतं. हे त्यांनी आधी कोणाला सांगितलं नव्हतं, इंग्रज माणूस असलं काही बोट घेताना सांगत नाही. बाकी सगळ्या बोटी सोडून ही घेतली ती त्या नावासाठी. मॉइराने बिचारीने उशांवर ग्लॅडिस भरतकाम केलं होतं. केकवरही तेच होतं, गुलाबी साखरेत.

"रंग ओलाच आहे ना?" हॅलम म्हणाले. "पुसून जाईल. पुसता येईल ना, ब्रॅमॉल? नाही तर मला, म्हणजे बघा, मला मग नीट विचार करावा लागेल."

म्हणजे बोटीचा सौदा मोडला की घर गेलं, घर गेलं की बाथटब गेला. डोरीनला ते कळलं. तिचा चेहरा मला दिसत होता. ती नावाकडे बघत होती, आणि नाव होऊन धड तासही झाला नव्हता. तिने चिंधीकडे बघितलं. चिंधी नेविलच्या हातात होती, टर्पेंटाइन लावलेली.

नेविल उठला. वरच्या लॉककडे त्याने कान दिला. पाणी सोडलं होतं, ते येत होतं, चिखलावरून पिवळट फेस घेऊन, सायकल झाकत, ट्रॉल्या झाकत. बदक उठलं आणि पोहायला लागलं. नेविल ग्लॅडिसच्या, म्हणजे आता काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, बाजूला हाताचा तळवा टेकून उभा राहिला.  हॅलमनी दोनदा घसा खाकरला. बोटीने एक उसासा टाकला, तिची कूस चिखलातून सुटली आणि ती सरळ झाली.

नेविलने चिंधी घडी करून खिशात ठेवली.

"आता नाही चालणार, साहेब," तो म्हणाला. आवाजात जन्मभराचा गणवेश होता. "बोट पाण्यात आहे. पाण्यात नाव बदलत नाहीत."

हॅलमनी कालव्यावरच्या चालीरीतींची पुस्तकं पाठ केली होती. त्यांनी वायकिंगांकडे बघितलं. सहाही जणांनी माना हलवल्या, फार वाईट वाटतंय अशा. डीन म्हणाला, साहेब, अनर्थ होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, मी पेशन्स म्हणून मरणार आहे.

शेवटी मॉइराने सोडवलं. ती बोटीवरून वाकून पलीकडच्या बाजूला डोकावली आणि म्हणाली, सिडनी, या अंगाला तुझी आई आहे की. तू या अंगाला खुर्ची टाकून बस. मग केक कापला. ग्लॅडिसचे तुकडे सगळ्यांनी खाल्ले, डोरीनने दोन.

उरलेली लॉकं आम्ही तासाभरात उतरलो, वायकिंग आपली बोट तिथेच ठेवून, उलटे पायी खाली येऊन दारं ढकलत होते. नेविलने एकही लॉक तपासलं नाही. शेवटच्या लॉकपाशी एक म्हातारा आपला कुत्रा फिरवत होता, ओळखीपाळखीचा नव्हे. त्याने बोटीकडे बघितलं आणि टोपीला हात लावून म्हणाला, "काय डोरीन, छान हवा आहे."

डोरीनने त्याला असा हात केला की कुत्रासुद्धा खाली बसला.

आता ती दोघं बैठ्या घरात राहतात. ती टबात बसते तेव्हा नेविल दाराबाहेरून विचारतो की बूच नीट लावलंयस ना, आणि ती आतून काहीतरी विचारते ज्यात सहाव्या लॉकचा उल्लेख असतो.

मॉइरा परवा काठावर भेटली. एका तीरावरचे लोक तिला ग्लॅडिस म्हणतात आणि दुसऱ्या तीरावरचे डोरीन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच मला विचारलं, बोट वर काढायला क्रेन कुठे मिळते हो.